पाठमोरा कडूबा

चिखलीच्या भालचंद्र फोटोग्राफरची एक चेष्टा गावात नेहमी चालायची. म्हणे, जिवंत माणूस त्याच्या दुकानात गेला तर भालचंद्र त्याला दहा वेळा बजावतो, हलू नका, डोळे मिटू नका, मान जरा वर करा, आणि तरी फोटो बिघडतोच. मेलेला माणूस मात्र पहिल्या फटक्यात झकास येतो. ही चेष्टा भालचंद्रच्या कानावर गेली होती. त्यानं मनाला लावून घेतली नाही, कारण खोटं कशाला बोला, गोष्ट खरी होती.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. एसटी बहुतेक मोठ्या गावांना पोचली होती, पण खेड्यातला म्हातारा कॅमेरा दिसला की अजून अंग चोरायचा. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, ही समजूत पक्की. त्यामुळे माणूस जिवंत असेतोवर त्याचा फोटो नसे, आणि तो गेला की तेरवीच्या आत पोरांना फोटो हवा असे. भाऊबंदांच्या भिंतीवर बाप हारासकट लटकतोय आणि आपली भिंत बोडकी, हे कोणाला खपेल? मग ती पोरं भालचंद्रचं दुकान विचारत विचारत चिखलीला येत.

भालचंद्रकडे एक लाकडी पेटी होती. तिच्यात नुसती धडं होती. कोट घातलेलं धड, उपरणं घेतलेलं धड, खुर्चीवर हात ठेवून बसलेलं धड. गेलेल्या माणसाच्या तोंडवळ्याचा भाऊ नाहीतर मुलगा समोर बसवायचा, त्याचा चेहरा घ्यायचा, निगेटिव्हवर बारीक शिसपेन्सिलीनं सुरकुत्या घालायच्या, मिश्या पिकवायच्या, आणि तो चेहरा पेटीतल्या एखाद्या धडावर बसवून पुन्हा फोटो घ्यायचा. आयुष्यात कधी कोट न शिवलेला माणूस मरणानंतर कोटात येई. घरचे लोक फोटो बघून एकदा रडत आणि म्हणत, हुबेहूब. नऊ वर्षांत एकही फोटो परत आला नव्हता. भालचंद्रला त्याचा थोडा गर्व होता, आणि तो त्याच्या चालण्यात दिसायचा.

पोट असं मेलेल्यांवर भरे. जीव मात्र दुसरीकडे होता. आठवड्यातून एक दिवस दुकानाला कुलूप घालून तो गळ्यात कॅमेरा अडकवायचा आणि मिळेल त्या एसटीत बसायचा. बाजारात मिरचीच्या ढिगाआड झोपलेली बाई, पाण्यावर वाकलेली म्हैस, शाळेच्या खिडकीतून बाहेर आलेली पाच-सहा बोटं, असले फोटो काढायचा. ह्याला फोटो म्हणतात का, असं त्याचे वडील मरेपर्यंत विचारत राहिले. बायको शरयू तसं विचारत नसे. ती मुलींच्या शाळेत शिकवायची, आणि संध्याकाळी मैद्याची खळ शिजवून नवऱ्याचे मोठे फोटो पुठ्ठ्यावर चिकटवून द्यायची. चिकटवता चिकटवता एखादा टोमणा मारल्याशिवाय तिला चैन पडत नसे, तेवढं सोडा.

हे फोटो पत्र्याच्या ट्रंकेत भरून भालचंद्र गावोगाव प्रदर्शन मांडायचा. चिखलीला शाळेत, उंद्रीला चावडीपुढे, शेगावला एका धर्मशाळेच्या ओसरीवर. शेगावात तर दर्शनाला आलेले लोक रांगेनं आत शिरले, प्रत्येक फोटोला हात जोडत पुढे गेले, आणि कोणीतरी, उगाच राहायला नको म्हणून, म्हशीलाही कुंकू लावलं. शरयू आठ दिवस हसत होती. भालचंद्रही हसला, पण आतून त्याला वाटायचं की एकदा, निदान एकदा, कोणीतरी ह्या फोटोंपुढे थांबावं. थांबावं आणि पुढे जाता येऊ नये.

त्यातला एक फोटो त्याचा फार लाडका होता. दोन हिवाळ्यांपूर्वी उंद्रीच्या रस्त्यावर घेतलेला. सकाळची तिरपी उन्हं, धुळीचा रस्ता, आणि एक म्हातारा पाठमोरा चाललेला. खांद्यावर काठी, काठीला गाठोडं, डावा खांदा थोडा उतरलेला. बंडीवर पाठीच्या मधोमध एक ठिगळ, आणि त्याचे टाके इतके ठसठशीत की मोजून घ्यावे. पाय उघडे, वहाणा हातात. हा फोटो त्यानं अकोल्याच्या एका प्रदर्शनाला पाठवला होता. तो परत आला, मागे चिठ्ठी डकवलेली: विषय पाठमोरा आहे, चेहरा दिसत नाही. शरयूनं चिठ्ठी वाचली आणि म्हणाली, तुम्ही मेलेल्यांना चेहरे वाटता आणि जिवंतांचे ठेवून घेता, असं कसं हो? भालचंद्रनं चिठ्ठी काढली नाही. आहे तशी राहू दिली आणि फोटो ट्रंकेत ठेवला.

तर अशा ह्या माणसाकडे एक दिवस धाड गावचा हिंमतराव आला. पस्तिशीचा शेतकरी, मिरची-कांदा पिकवणारा, बोलायला मोकळा. त्याचा बाप कडूबा गेला होता. थोरल्या भावामागची भावंडं जगली नाहीत म्हणून ह्याचं नाव कडूबा ठेवलेलं, म्हणजे यमानं तोंडात घातलं तरी थुंकून द्यावं. पासष्ट वर्षं यमानं खरोखरच थुंकलं, मग एका दुपारी खळ्यावर बसल्या बसल्या नेलं. कडूबाचा एकही फोटो नव्हता. हिंमतराव म्हणाला, मी बापावर गेलो आहे असं सारं धाड म्हणतं, माझाच चेहरा घ्या आणि कोट चांगला निवडा.

भालचंद्रनं घेतला. आठ दिवसांत हिंमतरावचा साठीतला अवतार कोट घालून तयार झाला. हिंमतराव खूश होऊन घेऊन गेला आणि पुढच्याच आठवड्यात काखेत मारून परत आला. म्हणाला, बुढीनं हार घालायला नाही म्हटलं. बुढी म्हणजे त्याची आई, सत्यभामाबाई. तिनं फोटोकडे बघितलं आणि म्हणाली, हा तर तू आहेस. जित्या लेकाच्या फोटोला कोणती माय हार घालते? आता ह्यावर काय बोलणार? बाई चुकली होती असंही म्हणता येईना.

भालचंद्रच्या नऊ वर्षांच्या गर्वाला तो पहिला ओरखडा. त्यानं दुसरा चेहरा मागितला. हिंमतरावनं कडूबाचे थोरले भाऊ गुलाबराव ह्यांना एसटीत घालून चिखलीला आणलं. गुलाबराव कॅमेऱ्यापुढे बसायला तयार नव्हते. भावासाठी म्हणून बसले आणि बसताना देवाचं नाव घेत राहिले. हाही फोटो उत्तम आला. घरी भिंतीवर टांगला. सत्यभामाबाई चुलीकडून बाहेर आली, भिंतीवर थोरला दीर बघितला, पटकन डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि पाठ करून आत गेली. थोरल्या दिरासमोर आयुष्यात कधी तोंड वर केलं नव्हतं, ते आता भिंतीवर बसून रोज बघणार! चार दिवस तिनं त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. पाचव्या दिवशी फोटो पुन्हा चिखलीला.

तिसऱ्या वेळी भालचंद्र हट्टाला पेटला. ह्याचं नाक, त्याची हनुवटी, तिसऱ्याच कोणाचे डोळे, असं करून त्यानं एक चेहरा बनवला, जो कोणाचाच नव्हता. पंधरा दिवस खपला. असा फोटो त्यानं आजवर केला नव्हता. शरयू डार्करूमच्या दाराशी येऊन म्हणाली, जेवून घ्या, तो माणूस काही उठून जात नाही. फोटो धाडला गेला आणि ह्या खेपेस परत आला नाही. भालचंद्रनं सुटकेचा श्वास सोडला. महिना गेला, दोन गेले, पाच गेले, आणि तो ही गोष्ट विसरला.

त्या वर्षी हुरडा खाऊन झाला आणि धाडच्या शाळेच्या मास्तरांनी, भाऊराव त्यांचं नाव, बाजाराच्या दिवशी प्रदर्शन मांडा म्हणून निरोप दिला. भालचंद्र ट्रंक घेऊन पहाटेच्या गाडीनं निघाला. शाळेच्या ओसरीवर गोणपाट लावलं, सुतळ्या ताणल्या, आणि कपड्यांच्या चिमट्यांनी तीस फोटो टांगले. पाठमोरा म्हातारा अगदी शेवटच्या खांबाशी गेला, कारण चिठ्ठीचं वाक्य मनातून जात नव्हतं. बाजार भरला. लोक आले, बघून गेले. म्हशीला किती दूध, असं दोघांनी विचारलं.

दुपार टळल्यावर हिंमतराव आला. मागे पांढऱ्या लुगड्यातली एक बाई, छोटीशी, वाकलेली, हातात फडक्यात गुंडाळलेली चौकट. भालचंद्रनं चौकट ओळखली. पंधरा दिवसांची मेहनत फडक्यात बांधून परत आली होती.

सत्यभामाबाई ओसरीच्या कडेला बसली. भालचंद्र तिच्यापुढे बसला, हिंमतराव खांबाला टेकून उभा राहिला आणि त्यानंच सुरुवात केली. आठ दिवसांवर वर्षश्राद्ध आलं होतं. सगळं गाव जेवायला येणार. आणि बुढीनं दोन महिन्यांपासून फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. त्यानं सरळ केला की ती उलटा करी. काऊन करतं म्हणून विचारलं तर बोलत नसे. आज सकाळी ती आपणहून म्हणाली, मले त्या फोटोवाल्याकडं घेऊन चाल.

भालचंद्रला वाटलं, अजून एखादी चूक दाखवतील, नाक नाहीतर मिशी. त्यानं खिशातून वही-पेन्सिल काढली आणि मऊ आवाजात विचारायला लागला. नाक कसं होतं, लांब की बसकं? सत्यभामाबाईनं पुष्कळ वेळ विचार केला आणि सांगितलं, नाक होतं. डोळे? ती म्हणाली, डोळे खालीच राहत. कोणाचे खाली राहत, त्यांचे की तुमचे? हनुवटीवर खळी होती का, कपाळ मोठं होतं का, दात पुढे होते का. प्रत्येक प्रश्नाला तिची बोटं लुगड्याच्या काठावर नुसती फिरत राहिली. भालचंद्रच्या वहीत एक रेघ उमटली नाही.

मग ती हळूहळू बोलायला लागली. नऊ वर्षांची असताना ह्या घरात आली. घरात सासू, सासरे, थोरले दीर, जाऊ, चुलत सासू. दिवसाउजेडी नवऱ्याच्या तोंडाकडे बघणारी सून त्या घरात टिकलीच नसती. तो अंधारात मळ्यात जायचा आणि अंधारात यायचा. ती वाढायची ते पदराआडून. म्हातारी माणसं एकेक करून गेली, थोरले दीर वेगळे झाले, बघायला मोकळीक झाली, तोवर न बघण्याची सवय हाडात गेली होती. तरी चेहरा तिला ठाऊक होता. मनात होता. बाहेर काढून दाखवायची वेळ आली नव्हती, इतकंच.

"अन् आता तोबी गेला," ती म्हणाली. "तुमचा हा कोटवाला भितीवर बसला, तवापासून डोये मिटले का हाच येते. मी त्यायले पाह्यला जातो अन् हा मधात येऊन बसते. मानूस तं गेलाच. आता मनातलाबी चालला, दादा. हा तुमी वापस घ्या."

आणि तिनं ती चौकट भालचंद्रच्या मांडीवर ठेवली.

इतक्या घरांना भालचंद्रनं चेहरे वाटले होते. कोणी तक्रार केली नाही, ह्याचा अर्थ त्यानं घेतला होता की फोटो हुबेहूब आहेत. ह्या बाईच्या मनातला एकुलता एक खरा चेहरा आपण पुसतो आहोत, आणि तोही पंधरा दिवस जीव ओतून, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली. दुसरा करून देतो, असं तोंडावर आलेलं वाक्य त्यानं गिळलं, कारण दुसरा केला तर तोही मध्ये येऊन बसणार. वाईट वाटतंय, एवढंच तो म्हणाला, आणि ते त्याला फार थोडं वाटलं.

सत्यभामाबाईनं पदरानं डोळे पुसले. रागावलेली नव्हती. तुमी तरी काय करान, म्हणाली, आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. हिंमतरावचा चेहरा उतरला होता. आईनं त्याला कसनुसं झालेलं बघितलं आणि विषय बदलावा म्हणून म्हणाली, आलोच तं ह्यायचे फोटू पाहून जाऊ. ती सुतळीच्या कडेकडेनं चालायला लागली. मिरचीवाली बाई बघून हसली. म्हैस बघून, चांगली पान्हावली आहे, असं म्हणाली. मुलांची बोटं तिला कळली नाहीत. भालचंद्र मागे होता, पण त्याचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. तो मनातल्या मनात दुकानातली लाकडी पेटी उघडून बघत होता.

शेवटच्या खांबापाशी ती थांबली.

थांबली ती थांबलीच. हिंमतराव दोन पावलं पुढे गेला आणि वळला. आधी त्याला वाटलं, चक्कर आली. ती खाली वाकली, मग जमिनीवर बसली, मग पुन्हा गुडघ्यांवर उठली आणि फोटोजवळ तोंड नेऊन बघत राहिली. एक बोट उचलून तिनं ते बंडीवरच्या ठिगळावर ठेवलं. एक टाका, दुसरा टाका, तिसरा टाका, असं बोट फिरत गेलं.

"पांढरा दोरा सरला होता," ती म्हणाली. "लाल दोऱ्यानं टाकले मी. म्हटलं, पाठीवर आहे, कोन पाह्यते."

मग हातातल्या वहाणांवर बोट आलं आणि बाई हसायला लागली, डोळ्यांतून पाणी आणि तोंडावर हसू. ह्या वहाणा तिनंच मागे लागून शिवून घ्यायला लावल्या होत्या. गावातून निघताना तो पायात घालायचा, शीव ओलांडली की झिजतील म्हणून काढून हातात घ्यायचा, आणि पोरीच्या गावाची शीव आली की पुन्हा घालायचा. तिची पोर उंद्रीला दिलेली होती. दोन वर्षांमागे थंडीत तो पोरीला भेटून एकटाच परत आला होता. ती तेव्हा तापानं पडली होती, नाहीतर तीही त्या रस्त्यावर असती, त्याच्या मागे चार पावलांवर. हे सगळं ती कोणाला सांगत होती कोण जाणे, फोटोलाच बहुतेक. ज्या बाईला नाक आठवेना, तिला तो डावा खांदा का उतरलेला आहे हे माहीत होतं. लहानपणी बैलानं ढकलला होता. मानेवरची आडवी रेघ तिला माहीत होती. चालताना उजवी टाच जरा बाहेर पडते हेही माहीत होतं. त्रेचाळीस वर्षं बाजाराला, लग्नाकार्याला, पोरीच्या गावाला, ती ह्याच पाठीमागून चालली होती.

भालचंद्रला फोटो घेतला त्या सकाळची आठवण आली, जी त्यानं शरयूलासुद्धा कधी सांगितली नव्हती. सांगावी की न सांगावी? न सांगता भागत होतं. बाई खूश होती, कोणी विचारत नव्हतं. पण आत्ताच एक खोटा माणूस ह्या बाईनं त्याला परत केला होता. आता दुसरी लपवालपवी त्याच्यानं होईना.

तो तिच्याजवळ खाली बसला आणि त्यानं सांगितलं. उंद्रीच्या रस्त्यावर हा म्हातारा समोरून आला. भालचंद्रनं त्याला थांबवलं आणि फोटो काढू का विचारलं. म्हातारा भला होता, हसला, पण म्हणाला, नोको बावा, फोटू काढला का आविष्य कमी होते. आणि राम राम करून चालायला लागला. चालता चालता उन्हं त्याच्या पाठीवर पडली, आणि ती इतकी सुंदर दिसली की भालचंद्रचं बोट दाबलं गेलं. नाही म्हटलेल्या माणसाचा फोटो त्यानं चोरून काढला. आणि वर्षभरात तो माणूस गेला.

"मी त्या गोष्टीवर विश्वास ठेवत नाही, आई," भालचंद्र म्हणाला. "पण ते ठेवत होते. त्यांनी नको म्हटलं होतं. हे तुम्हाला माहीत असायला पाहिजे."

हिंमतराव खांबापासून सरळ झाला. त्याच्या कपाळावर आठी चढली होती. बाजारातला गलका ऐकू येत होता. सत्यभामाबाई फोटोकडेच बघत होती.

"तोंडाचा तं नाही काढला ना?" तिनं विचारलं.

तो म्हणाला, नाही.

"मंग झालं. त्यायचा शबूदबी राह्यला अन् माह्यंबी काम झालं." तिनं भालचंद्रच्या डोक्यावर हात ठेवला, पोराच्या ठेवावा तसा. "पाठीनं काय कमी होते दादा आविष्य? तसं राह्यलं असतं तं माह्या पाह्यन्यानं मानूस कवाच सरला असता."

भालचंद्र रडला. मोठा चाळिशीचा माणूस, धाडच्या शाळेच्या ओसरीवर, बाजारच्या दिवशी, सगळ्यांदेखत. मास्तर पाणी घेऊन धावले आणि काय झालं ते न कळल्यामुळे त्यांनी ते हिंमतरावला पाजलं.

फोटो त्यानं तिथेच चिमटे काढून तिच्या हातात दिला, आणि तिनं परत केलेली चौकटही. मागची अकोल्याची चिठ्ठी तेवढी त्यानं नखानं खरवडून काढली. हिंमतराव मात्र अजून तयार नव्हता. तिथे बोलला नाही, पण घरी जाताना वाटेत बोललाच. वर्षश्राद्धाला गाव येईल, आणि भिंतीवर बाप पाठ करून? लोक काय म्हणतील? घराकडे पाठ फिरवली म्हणतील, अपशकुन म्हणतील. तो कोटवाला दिसायला तरी रुबाबदार होता. सत्यभामाबाईनं त्याला इतकंच विचारलं की बाबा रे, तू तरी त्याला कधी समोरून बघितलंस? मळ्यात जाताना तूही मागेच असायचास ना? तो प्रश्न नंतर पुष्कळ दिवस हिंमतरावच्या डोक्यात राहिला, असं तो स्वतःच सांगायचा.

वर्षश्राद्धाला भालचंद्र आणि शरयू दोघांना आग्रहाचं बोलावणं आलं. चिखलीहून दोघं एसटीनं गेली. भालचंद्र रस्ताभर खिडकीबाहेर बघत होता. त्याची भीती साधी होती. लोक हसतील, आणि त्या बाईला तो फोटो उतरवावा लागेल. शरयूनं ह्या खेपेस एकही टोमणा मारला नाही, नुसता त्याचा हात धरून बसली.

ओसरीवर पाट मांडला होता आणि पाटावर चौकट. तीच जुनी चौकट, कोटवाल्याला काढून त्यात कडूबाला घातलेलं. गावकरी येत, बघत, एकमेकांकडे बघत. कोणीतरी हळूच म्हणालं, उलटा लावला का काय? एक-दोघं हसले. भालचंद्रनं मान खाली घातली. मग थोरले दीर गुलाबराव काठी टेकत आले, वाकून बघितलं, आणि म्हणाले, अरे, हा तं कडूबा. त्यांच्या आवाजात असं काही होतं की हसणारे गप्प झाले. मग एकेक जण जवळ येऊन बघायला लागला. कोणाला खांदा ओळखू आला, कोणाला टाच. पाठमोरा कडूबा सगळ्यांनीच बघितलेला होता, बैलांमागे, मोटेमागे, बाजाराच्या वाटेवर. समोरून कसा होता हे विचारलं असतं तर त्यांतल्या निम्म्यांना सांगता आलं नसतं.

पूजेला हिंमतराव बसला आणि गंधाची वाटी हातात घेऊन अडला. गंध लावायचं ते कपाळाला, आणि इथे कपाळच नाही. भटजीही अडले. पोथीत ह्याची सोय नव्हती. हिंमतरावनं बोट तसंच हवेत धरून आईकडे बघितलं.

"पायाले लाव," सत्यभामाबाई म्हणाली. "पाय दिसून राह्यले ना."

त्यानं दोन्ही उघड्या टाचांना गंध लावलं आणि त्याच पायांवर डोकं ठेवलं. आयुष्यात बापाच्या पाया पडताना त्याला कधी रडू आलं नव्हतं. त्या दिवशी आलं.

त्या फोटोची दुसरी प्रत भालचंद्रनं शरयूच्या हट्टानं घरासाठी काढली, पण प्रदर्शनात पुन्हा कधी टांगली नाही. पुढे ही गोष्ट ऐकून अकोल्याहून त्या फोटोची मागणी आली तेव्हा त्यानं कळवलं, तो फोटो एका घरी दिलेला आहे. लाकडी पेटी त्यानं लगेच टाकली नाही, पोट होतं. पण कोणी गेलेल्याचा चेहरा मागायला आला की तो आधी विचारायचा, घरात त्यांची बायको आहे का? असेल तर आधी त्यांना घेऊन या.

वर्षश्राद्धाच्या दिवशी पंगती उठल्या, लोक पांगले, तेव्हा सत्यभामाबाई पहिल्यांदा पाटाजवळ आली. इतका वेळ ती माजघराच्या दारात होती. हिंमतरावनं हार पुढे केला. तिनं घेतला, चौकटीला घातला, आणि ठिगळ झाकलं जातं असं बघून जरा बाजूला सारला. मग ती मागे सरकली. एक पाऊल, दोन, तीन, चार. तिथे तिचे पाय आपोआप थांबले. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि कितीतरी दिवसांनी नीट, शांत बघितलं.

"चाला तुमी पुढं," ती म्हणाली. "येतो मी मागून."